विचारलं, की उत्तर द्यावं लागतं: कारखान्यातल्या निर्णयात कामगारांचा वाटा

समजा, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एखाद्या मशिन शॉपमध्ये ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे सुट्या भागाचं बाहेरचं कवच, बनतंय. त्यातलं बोअर, म्हणजे गोल भोक, ५० मिलिमीटरचं, मर्यादा ५०.००० ते ५०.०२५. एप्रिल लागला की रिजेक्शन वाढतं, आणि तेही दुपारचंच. रात्रपाळीचा माल पास होतो, दुपारचा ‘बोअर लहान’ म्हणून परत येतो. मशिन तेच, टूल तेच, प्रोग्रॅम तोच. क्वालिटीवाले टूल बदलून बघतात, प्रोडक्शनवाले ऑपरेटरला मेमो देतात. शेवटी डिप्लोमा झालेला तरुण सुपरवायझर मशिनजवळ जाऊन जुन्या ऑपरेटरला विचारतो,

“मामा, दुपारचेच पार्ट वापस का यायलेत?”

“मी सोडतो तवा बराबर असतेत साहेब. गेजवर बघूनच सोडतो. तुमच्या थंड खोलीत गेले की बिघडतेत.”

याला उडवाउडवी समजून पुढे जाणं सोपं आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेच होतं. पण मामांनी खरं कारणच सांगितलंय. मोजमापाचं जगभर मान्य असलेलं तापमान २० अंश आहे, म्हणून तपासणीची खोली २० वर ठेवतात. शेडमध्ये दुपारी ४२ अंश. दर अंशाला ॲल्युमिनियम मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) फुगतं, पोलाद साडेअकरा. गेज आणि त्याची मास्टर रिंग (गेजचा झिरो ज्याच्यावर लावतात ते ठरल्या मापाचं कडं) पोलादाची आहे, म्हणजे गेजही फुगतं, पण निम्म्यानं. ५० मिलिमीटरच्या बोअरवर २२ अंशांच्या फरकानं उरलेली चूक ०.०१२ ते ०.०१३ मिलिमीटर भरते. मर्यादाच सगळी ०.०२५ ची, त्यातली निम्मी उन्हानं खाल्ली. शेडमध्ये ५०.००८ दाखवणारं बोअर थंड खोलीत ४९.९९५ होतं आणि मार खातं. रात्री शेड २८ अंशांवर असेल तर चूक ०.००५ च्या आतच राहते, म्हणून तेच ५०.००८ चं बोअर रात्री पास होतं.

इलाजही महाग नाही. हाउसिंगच्याच धातूची एक मास्टर रिंग बनवायची, तिचा आकार २० अंशांवर मोजून तिच्यावर कोरायचा, आणि ती मशिनजवळच ठेवायची. डायल बोअर गेजचा झिरो तिच्यावर लावायचा. शेड तापलं की रिंग पार्टाइतकीच फुगते आणि चूक आपोआप कटते. मात्र मशिनमधून नुकताच निघालेला पार्ट शेडपेक्षाही गरम असतो, तो रॅकवर वीसेक मिनिटं ठेवून मगच मोजायचा. हे केलं नाही तर रिंग असूनही काही पार्ट परत येतील, आणि मग ‘रिंगचा उपयोग झाला नाही’ असं ठरवून ती कपाटात जाईल.

मामांचं वाक्य एका दमात बोलून झालं होतं. त्या वाक्यापासून रिंगपर्यंतचा रस्ता कारखान्यात आहे का, एवढाच ‘कामगारांचा सहभाग’ या जड शब्दाचा अर्थ. बहुतेक ठिकाणी विचारायची सोय असते. टाइम ऑफिसशेजारी सूचनापेटी असते, ऑगस्टमध्ये स्पर्धा असते, भिंतीवर पोस्टर असतं. नसते ती उत्तर द्यायची सोय. आणि विचारून उत्तर न देणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी मामा ‘मला काय माहीत साहेब’ म्हणून मोकळे होतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागते: कोणत्या विषयात कामगारांचा शब्द कुठवर चालणार. ऑर्डर घटली आहे, पुढचा महिना एकच पाळी चालेल, हे नुसतं कळवायचं असतं. नवं मशिन कुठं बसवायचं यावर मत घेतात, निर्णय साहेबांचा. उन्हाळ्यात पहिली पाळी सातऐवजी सहाला सुरू करायची का, हे दोघांनी मिळून ठरवायचं. आणि ट्रॉली कुठं उभी राहील, टूल कोणत्या क्रमानं लावायचं, साफसफाई कुणी कधी करायची, हे त्या लाइनवरच सोपवून द्यायचं, साहेबांनी त्यात बोलायचंच नाही. भांडण होतं ते या चार पायऱ्यांची सरमिसळ झाल्यावर. निर्णय आधीच झालेला असतो आणि तरी बैठक बोलावून ‘तुमचं मत सांगा’ म्हणतात. माणसं चाळीस मिनिटं मनापासून बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी नोटीस लागते, बैठकीच्या आदल्या तारखेची.

गटानं प्रश्न सोडवायची जी पद्धत आपल्याकडे ‘क्वालिटी सर्कल’ नावानं आली, ती १९६२ साली जपानमध्ये सुरू झाली. कारणांचा माशाच्या काट्यासारखा आराखडा काढणारे काओरू इशिकावा तिचे प्रमुख प्रवर्तक. भारतात तिची सुरुवात १९८० साली हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीत झाली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था तिथंच उभी राहिली. मराठवाड्याला हैदराबाद काही परकं नाही. पुढं वाळूज, चिकलठाण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या वाढल्या, तशी ही पद्धतही आली. आली खरी, पण बऱ्याच ठिकाणी ती स्पर्धेत सादरीकरण करण्यापुरती उरली. प्रश्न आधीच सुटलेला असतो, आणि गट नंतर बसून त्याला बारा पायऱ्यांची गोष्ट जोडतो.

खरा गट असा असतो: एकाच जागी काम करणारे सहा ते आठ जण, आठवड्यातून एकदा पाऊण तास, आणि तो पाऊण तास पगारी. पाळी सुटल्यावर बैठक ठेवली की ती मेलीच म्हणून समजा. साडेतीनला पाळी सुटते, पावणेचारला गंगापूरची, पैठणची बस निघते. बस चुकली तर माणूस शेअर रिक्षानं नाक्यापर्यंत जाणार आणि तिथून पुढे कुणाच्या तरी गाडीवर. तुमच्या काट्याच्या आराखड्यासाठी हे कुणी करणार नाही, आणि करूही नये.

पाऊण तास पाळीतलाच द्यायचा म्हटलं की सुपरवायझरचं तोंड उतरतं, आणि त्याचंही चूक नाही. संध्याकाळी त्याला आकडा विचारला जातो. ५२ सेकंदांना एक पार्ट निघणारी लाइन पाऊण तास थांबली की ५२ पार्ट कमी. मग त्या दिवशीचं टारगेट बोर्डावरच ५२ नं कमी लिहायचं, आणि ते प्लँट हेडनं लिहायचं. हे साधं काम न केल्यामुळे जितके गट बंद पडले असतील, तितके दुसऱ्या कशानं पडले नसतील. सुपरवायझर उघडपणे विरोध करत नाही. तो फक्त दर बुधवारी ‘आज डिस्पॅच आहे, पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो.

पहिला प्रश्न निवडताना तीन चाळण्या लावाव्यात. तो गटाच्या स्वतःच्या जागेतला हवा. ‘कच्चा माल खराब येतो’ हा प्रश्न खरा असला तरी पहिला नको, कारण त्याची किल्ली परचेसकडे आहे. तो मोजता यायला हवा. आणि तीन महिन्यांत निकालात निघेल एवढाच हवा. कँटीनचं जेवण, बसचा मार्ग, गणवेश हे विषय पहिल्याच बैठकीत निघतात. त्यांना ‘हा आपला विषय नाही’ म्हणून गप्प केलं तर पुढचं कुणी बोलत नाही. ते वेगळ्या कागदावर घ्यायचे, एचआरकडे द्यायचे, आणि पुढच्या बैठकीत आधी त्यांचं काय झालं ते सांगायचं.

मग मोजणी. इथं घाई नडते. दोन आठवडे नुसत्या रेघा मारायच्या: तारीख, पाळी, वेळ, मशिन नंबर, दोष. आपल्या उदाहरणात वेळेचा रकाना नसता तर काहीच कळलं नसतं. ‘आज १४ रिजेक्ट’ एवढंच दिसलं असतं, दुपारी बारा ते चारमध्ये त्यातले ११ होते हे दिसलं नसतं. कागद मशिनवरच टांगलेला हवा, आणि पेन दोरीला बांधलेलं. पाळी संपताना आठवून भरलेला कागद हा अंदाज असतो, नोंद नव्हे. आणि नोंदीवर ऑपरेटरचं नाव लिहायचं नाही. नाव आलं की आकडे लगेच सुधारतात आणि खराब पार्ट भंगाराच्या पेटीत तळाशी जातात.

काट्याच्या आराखड्यावर माणूस, मशिन, मटेरियल, पद्धत अशा फांद्या काढून कारणं लिहितात. हाउसिंगच्या बाबतीत टूलची झीज, पार्ट पकडणाऱ्या चकचा दाब जास्त झाल्यानं पातळ भिंत दबून बोअर अंडाकृती होणं, कूलंट तापणं, आणि गेज ही सगळी नावं येतील. प्रत्येकाला नोंदीशी भिडवायचं. टूलची झीज असती तर रात्रीही दोष दिसला असता. चकचा दाब असता तर ऊन-सावलीचा संबंध नसता. अशी एकेक खोडत जायची. ‘का?’ पाच वेळा विचारा म्हणतात. पाचाला काही महत्त्व नाही, कुठं थांबता त्याला आहे. ‘ऑपरेटरनं नीट बघितलं नाही’ इथं थांबलात तर तुम्ही कारण नाही, आरोपी शोधलात. आणखी एकदा विचारा: नीट बघूनही चूक कशी झाली?

उपाय सापडल्यावर तो आधी एका मशिनवर, एक आठवडा. शेजारचं मशिन जुन्याच पद्धतीनं चालू द्यायचं, म्हणजे फरक उपायाचा की वळवाच्या पावसानं शेड गार झाल्याचा, ते कळेल. मग कामाच्या पत्रकात बदल करून तिन्ही पाळ्यांना दाखवायचं. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कारखान्यात इथं एक अडचण असते, ती कामगारांना आधीच सांगून ठेवावी. प्रक्रियेत केलेल्या कित्येक बदलांना ग्राहक कंपनीची मंजुरी लागते, आणि तिला वेळ जातो. हे न सांगितल्यास ‘साहेबांनी दाबून ठेवलं’ असाच अर्थ निघतो.

सूचनापेटीचं म्हणाल तर पेटी काढून टाका आणि बोर्ड लावा. पेटीला कुलूप असतं, बोर्डाला नसतं. अर्ध्या पानाचं कार्ड पुरतं: काय अडतंय, कुठं, काय करावं. बोर्डावर चार रकाने: आलं, तपासतोय, केलं, नाही. कार्ड आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पहिल्या रकान्यात दिसलं पाहिजे. दोन हजार रुपयांच्या आतला खर्च लाइनच्या प्रमुखानं सात दिवसांत मंजूर किंवा नामंजूर करायचा, वर कुणाला विचारायचं नाही. मोठ्या खर्चाला तीस दिवस. ‘नाही’च्या रकान्यात कारण एका ओळीत, सही करून. “गार्ड काढल्यास हात आत जाऊ शकतो” हे कारण आहे. “व्यवहार्य नाही” हे कारण नाही.

बक्षिसाच्या पैशाबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. बचतीच्या टक्केवारीत बक्षीस देणं ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्यातून हिशोबाची भांडणं उगवतात. बचत धरायची कोणत्या भावानं? कल्पना एकाची, फिक्स्चर टूलरूमचं, चाचणी दोघांची, मग वाटणी कशी? माणसं कल्पना स्पर्धेच्या महिन्यापर्यंत दाबून ठेवतात, आणि कधी सुपरवायझर ती आपल्या नावावर खपवतो. त्यापेक्षा अमलात आलेल्या प्रत्येक कार्डाला ठरलेली छोटी रक्कम, सगळ्यांना सारखी, त्याच महिन्याच्या पगारात. मोठी बचत झाली तर तिचा वाटा सगळ्या लाइनला.

पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे भीती. ५२ सेकंदांचं काम एका ऑपरेटरच्या सुचवणीनं ४४ वर आलं. साडेसात तासांच्या कामात ५१९ ऐवजी ६१३ पार्ट निघू लागले. पुढच्या सोमवारी टारगेट ६१३ झालं, इन्सेंटिव्ह तेवढाच राहिला, आणि लाइनवरचा एक हेल्पर काढला. ही बातमी चहाच्या सुट्टीत सगळ्या शेडमध्ये फिरते, आणि त्या कारखान्यात पुढची काही वर्षं कुणाला काही सुचत नाही. म्हणून कामगारांच्या सूचनेमुळे कुणाचं काम जाणार नाही, मोकळा झालेला माणूस दुसऱ्या लाइनला जाईल आणि वाढलेल्या उत्पादनात इन्सेंटिव्हचा नवा दर बसेल, हे लेखी द्यावं लागतं. लेखी देता येत नसेल तर विचारूच नये.

लाइन थांबवायचा अधिकार ही यातली सर्वांत पुढची पायरी. टोयोटात कामगार दोरी ओढतो, ती ‘अँडॉन’. गैरसमज असा, की दोरी ओढली की लाइन लगेच थांबते. आधी दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. लीडर धावत येऊ शकतो, कारण त्याच्याकडे मोजकीच माणसं असतात. आपल्याकडे एका सुपरवायझरमागे चाळीस माणसं आणि त्याच्या हातात डिस्पॅचचा फोन. अशा ठिकाणी पिवळे-लाल दिवे बसवले की दिवाळी दिसते, बाकी काही होत नाही. आधी आठ माणसांमागे एक अनुभवी ऑपरेटर मोकळा करा, दिवे मागाहून.

पॉवर प्रेसवर हा अधिकार बोटांचा प्रश्न असतो. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय असते. आणि त्यातलं एक बटण चिकटपट्टीनं दाबून बांधलेलंही दिसतं. मेमो देऊन पट्टी निघते, पुढच्या पाळीत परत लागते. ‘पट्टी का लावता?’ असं खरोखर विचारलं तर उत्तर येतं: पार्ट डायमध्ये अडकतो, एका हातानं ओढावा लागतो, आकडा तर पुरा करायचाय. म्हणजे दुखणं डायमधून पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरमध्ये आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली तेव्हाच्या कारखाने कायद्यात कलम ४१-ग आलं, त्यानं घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापनाचे सारखे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती बंधनकारक केली. ‘सारखे’ हा शब्द महत्त्वाचा.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचं कलम ४३-क राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आलं. औद्योगिक विवाद कायदा १९४७ नुसार शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सरकार कार्य समिती स्थापन करायला लावू शकत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती तरतूद आहेच. शिवाय वीस किंवा अधिक कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती: दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, एकूण जास्तीत जास्त दहा, महिलांचं प्रमाण निदान कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणाइतकं, निकाल तीस दिवसांत. क्वालिटी सर्कल या समित्यांना पर्याय नाही आणि युनियनलाही नाही. पगार, बोनस, पाळीभत्ता हे विषय गटात आणून युनियनला वळसा घालायचा प्रयत्न झाला, की दोन्ही मोडतात. युनियनच्या पदाधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी बोलावून विषयांची सीमा कागदावर आखावी.

सगळीकडे एकच साचा चालत नाही, हेही खरं. लातूरच्या पंचवीस माणसांच्या डाळमिलमध्ये मालक स्वतः चाळणीजवळ उभा असतो. तिथं सकाळची दहा मिनिटं उभ्या-उभ्या बोलणं पुरतं, मालक आधी बोलला नाही तर. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये बरेच जण बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले. मराठी कार्ड त्यांच्या काय कामाचं? तिथं फोटो आणि हिंदीतला व्हॉइस मेसेज चालतो. साखर कारखान्यात हंगाम चालू असताना मिल थांबवून प्रयोग करता येत नाही. पण मिल का आणि किती वेळ थांबली याची नोंद पाळीच्या माणसांकडून हंगामभर घेतली, तर उन्हाळ्यातल्या ओव्हरहॉलिंगची यादी तयारच मिळते. आणि जिथं बायका लाइनवर आहेत तिथं बारा पुरुषांच्या बैठकीत दोघींना बसवून ‘त्या बोलतच नाहीत’ म्हणू नये. त्यांचा गट वेगळा करून बघावा.

राहिला कंत्राटी माणूस. आज अनेक शेडमध्ये मशिनवर प्रत्यक्ष उभा असतो तो ठेकेदाराचा, नाहीतर ट्रेनी. २४० दिवस भरले की कायद्यानं सलग वर्षाची नोकरी धरली जाते, म्हणून ते भरायच्या आत त्याला ब्रेक मिळतो. गटात फक्त कायम कामगार घेतले तर मशिन चालवणारा बाहेर आणि पाच वर्षांपूर्वी चालवलेला आत. त्याला गटात घ्या, कार्ड द्या. अडचण पुढे येते: त्यानं सहाव्या महिन्यात सुचवलं, सातव्यात तो गेला, ग्राहकाची मंजुरी नवव्यात आली. नियम आधीच ठरलेला असावा. कार्डावर त्याचा बँक खाते क्रमांक लिहून घ्यायचा, रक्कम ठेकेदाराच्या हातून न देता थेट खात्यात टाकायची, आणि बोर्डावरच्या ‘केलं’ या रकान्यात नाव त्याचंच ठेवायचं.